'संपलं'ला इंग्रजीत नेमका शब्द कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोव्यात कळंगुटच्या एका हॉटेलात तुम्ही रिसेप्शनवर आहात. पाहुण्यांना पाठवलेल्या मेलमध्ये तुम्ही 'द शॅक्स आर फिनिश्ड', 'युवर डिस्काउंट इज ओव्हर' आणि 'ब्रेकफास्ट गॉट ओव्हर' असं लिहिलंत. मॅनेजरने तिन्ही वाक्यांखाली लाल रेघ ओढली, पण चूक काय ते सांगितलं नाही. त्याआधी आजोबा गेले तेव्हा रजेच्या अर्जात 'माय ग्रँडफादर इज एक्सपायर्ड' असं लिहिलं होतंत आणि ते वाचून ऑफिसात कुणीतरी हसलं. डिक्शनरीत एंड, फिनिश, स्टॉप, क्लोज, एक्सपायर या सगळ्यांपुढे 'संपणे' एवढंच दिलंय, मग निवड करायची कशी, असं तुम्ही विचारलंय.

हसणाऱ्याचं मनाला लावून घेऊ नका. फोंड्याच्या एका हायस्कूलमध्ये मी सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आता घरीच मोठ्या मुलामुलींचे अर्ज, मेल, पत्रं तपासून देते. ही चूक मी शेकडो वह्यांत पाहिली आहे आणि ती निष्काळजीपणातून होत नाही. आपल्यातल्या बहुतेकांचं शिक्षण चौथीपर्यंत मराठीत आणि पाचवीला एकदम इंग्रजीत. पाचवीच्या त्या घाईत आम्ही शिक्षकांनी प्रत्येक इंग्रजी शब्दासमोर एकेक मराठी शब्द लिहून दिला आणि तुम्ही तो पाठ केलात. तिथे एंडही 'संपणे', फिनिशही 'संपणे'. उणीव आमच्या शिकवण्यात होती, तुमच्या डोक्यात नव्हे.

तुमची खरी अडचण इंग्रजी शब्द कमी येतात ही नाहीच. घरी बोलताना तुम्ही सगळ्याला 'संपलं' म्हणता का, आठवून बघा. शाळा सुटते. ताप उतरतो. विहीर आटते, पूर ओसरतो, दिवा विझतो, कर्ज फिटतं, भांडण मिटतं, पंगत उठते, मुदत उलटते, काम आटोपतं. यातली दोन क्रियापदं अदलाबदल करून वापरली तर चार वर्षांचं मूलसुद्धा तुम्हाला दुरुस्त करील. म्हणजे शेवट किती तऱ्हांनी होतो, याची जाण तुमच्याकडे आहेच. इंग्रजी लिहायला बसलं की मात्र आपण ती बाजूला ठेवतो आणि सगळ्याचं आधी 'संपलं' करून मग त्याचं भाषांतर करतो. बाजारातल्या कोकणीत तर 'सोंपलें' आणि 'काबार' या दोन शब्दांवर सगळं भागतं. 'काबार' पोर्तुगीज 'आकाबार'वरून आला. साखर काबार, पैसे काबार, जत्रासुद्धा काबार. बोलताना हा शब्द मला फार आवडतो, पण मेल लिहिताना तो मनात असला की हमखास घोटाळा होतो.

म्हणून माझी पद्धत अशी: इंग्रजी शब्द शोधण्याआधी मराठीतलं नेमकं क्रियापद शोधायचं. नेमकं मराठी सापडलं की इंग्रजी बहुतेक वेळा आपोआप सुचतं. तुमच्याच वाक्यांवरून दाखवते.

ब्रेकफास्टपासून सुरुवात करू. 'इज ओव्हर' हे ज्याला सुरुवात आणि शेवट असतो अशा गोष्टीला लागतं: तास, मॅच, सभा, पावसाळा, लग्न. 'द मॅच इज ओव्हर', 'द मीटिंग इज ओव्हर' ही वाक्यं बरोबर आहेत. साखर ही घटना नाही, साठा आहे, म्हणून 'द शुगर इज ओव्हर' चुकतं. साठ्याला 'रन आउट' लागतं आणि ते दोन तऱ्हांनी जुळतं. साखर पुढे ठेवलीत तर 'द शुगर हॅज रन आउट', माणूस पुढे ठेवलात तर 'वी हॅव रन आउट ऑफ शुगर'. त्यातला 'ऑफ' विसरू नका. मोबदला देऊन न्यायच्या वस्तूला, म्हणजे तिकिटं, खोल्या, दुपारची फिश थाळी यांना, 'सोल्ड आउट' उत्तम.

मग 'ब्रेकफास्ट गॉट ओव्हर'मध्ये काय बिघडलं? ब्रेकफास्ट ही तर घटना आहे. बिघडलं ते 'गॉट'मुळे. 'गेट ओव्हर' म्हणजे एखाद्या दुखण्यातून, धक्क्यातून सावरणे. 'शी गॉट ओव्हर हर फीवर' म्हणजे ती तापातून उठली. भारतात सगळीकडे 'क्लास गॉट ओव्हर', 'मूव्ही गॉट ओव्हर' म्हणतात आणि आपापसात ते समजतंही. लंडनहून आलेला पाहुणा मात्र क्षणभर अडखळतो. 'ब्रेकफास्ट इज ओव्हर' व्याकरणाने बरोबर आहे, पण पाहुण्याला ते तोंडावर दार लावल्यासारखं वाटेल. मी लिहीन, 'ब्रेकफास्ट इज सर्व्ह्ड अन्टिल टेन थर्टी', आणि पुढच्या ओळीत त्याला त्या वेळी काय खायला मिळू शकतं ते सांगेन.

आता शॅक, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळी. इथे शब्द चुकला की पाहुण्याचा पैसा आणि बेत दोन्ही हलतात, म्हणून जरा थांबते. 'फिनिश्ड' हे वस्तूला लागलं की त्याचे दोन अर्थ होतात. एक, बांधून पूर्ण झालं. दोन, कायमचं बुडालं. तुम्हाला दोन्हीही म्हणायचं नव्हतं. पावसाळ्याआधी किनाऱ्यावरचे शॅक उतरवतात आणि हंगाम आला की पुन्हा उभारतात, एवढंच सांगायचं होतं. त्यासाठी 'क्लोज' हवं, पण तेही जपून. 'द शॉप इज क्लोज्ड' म्हणजे आत्ता बंद आहे, उद्या उघडेल. 'द शॉप हॅज क्लोज्ड डाउन' म्हणजे धंदाच मिटला, पाटी उतरली. त्या एका 'डाउन'ने रविवारची सुट्टी आणि कायमचं टाळं यांतला फरक पडतो. तुमच्या वाक्यासाठी: 'द शॅक्स आर क्लोज्ड फॉर द सीझन'. 'फॉर द सीझन' या तीन शब्दांनी पाहुण्याला कळतं की पुढच्या हंगामात यायला हरकत नाही.

'फिनिश'ची खरी जागा हातातल्या कामाला. ज्या कामाला करणारा आहे आणि जे पुरं होऊ शकतं, ते फिनिश होतं: 'आय हॅव फिनिश्ड द रिपोर्ट'. मागे दुसरं क्रियापद आलं तर '-इंग' लावायचं, 'आय फिनिश्ड रायटिंग'; 'फिनिश्ड टु राइट' कधीच नाही. स्वतःबद्दल लिहिताना 'आय अ‍ॅम फिनिश्ड' टाळा. काम झालं असा अर्थ त्यातून निघतो हे खरं, पण 'मी संपले, आता माझं काही खरं नाही' असाही निघतो. 'आय हॅव फिनिश्ड' लिहिलं की शंका उरत नाही. जाता जाता, मराठीत आपण नकोसं काम 'उरकून टाकतो' ना? त्याला इंग्रजीत तंतोतंत जोड आहे, 'गेट इट ओव्हर विथ'. दंतवैद्याकडे जाणं उरकून टाकलं: 'आय गॉट इट ओव्हर विथ'. आधी सांगितलेल्या 'गेट ओव्हर'शी याची गल्लत करू नका, इथे शेवटी 'विथ' आहे.

'स्टॉप' आणि 'एंड' यांत मुलं फार गोंधळतात. 'स्टॉप'चा मूळ अर्थ भोक बुजवणं, बूच मारणं. बाटलीच्या बुचाला अजूनही 'स्टॉपर' म्हणतात. वाहत्या गोष्टीला बूच मारलं की ती थांबते, बूच काढलं की पुन्हा वाहते. 'एंड'ने ती त्या ठिकाणी संपते. आपल्याकडे ट्रॉलर दर वर्षी १ जून ते ३१ जुलै समुद्रात जात नाहीत. त्या काळात मासेमारी 'स्टॉप' होते, १ ऑगस्टला 'रिझ्यूम' होते. मासेमारीचा हंगाम मात्र 'एंड' होतो आणि पुढचा हंगाम नवा सुरू होतो. आणि बंदी? मराठीत बंदी 'उठते', इंग्रजीतही ती 'लिफ्ट' होते, 'द बॅन इज लिफ्टेड'. अशी जोडी सापडली की मला खूप आनंद होतो. मेलमध्ये 'फिशिंग हॅज एंडेड इन गोवा' असं लिहिलं तर पाहुण्याला वाटेल की गोव्यात आता नुस्तें, म्हणजे मासे, मिळणारच नाहीत.

'स्टॉप'मागे '-इंग' आलं तर ते काम सोडलं: 'ही स्टॉप्ड स्मोकिंग', त्याने विडी सोडली. 'टु' आलं तर त्या कामासाठी थांबला: 'ही स्टॉप्ड टु स्मोक', वाटेत विडी ओढायला उभा राहिला. दोन्ही वाक्यांत विडी तीच आहे, अर्थ मात्र उलटा झाला.

आता तुमच्या डिस्काउंटकडे. ही मुदतीची गोष्ट आहे, मराठीत आपण 'मुदत संपली' किंवा 'उलटली' म्हणतो. इथे 'एक्सपायर' पाहिजे: 'द डिस्काउंट एक्सपायर्ड ऑन द फिफ्टीन्थ ऑफ मे'. पासपोर्ट, व्हिसा, परवाना, कूपन या सगळ्यांना हेच. एक्सपायर व्हायला कुणी काही करावं लागत नाही, कागदावरची तारीख आली की ते आपोआप होतं. म्हणूनच त्याला कर्म लागत नाही. 'दे एक्सपायर्ड माय परमिट' असं वाक्य होत नाही. मुदतीआधीच कुणी परवाना काढून घेतला तर तो 'कॅन्सल्ड' किंवा 'रिव्होक्ड'.

याच घरातले आणखी शब्द ओळखून ठेवा, कारण पैशाच्या कागदांत ते रोज भेटतात. विम्याचा हप्ता भरायचा राहिला आणि पॉलिसी गेली, तर ती 'लॅप्स' झाली. आपण करायचं ते केलं नाही असा भाव त्यात आहे. तीच पॉलिसी सगळे हप्ते भरून मुदतीला पोचली आणि पैसे हातात आले, तर ती 'मॅच्युअर' झाली. बँकेतली मुदत ठेवही मॅच्युअर होते. ठेवीला 'एक्सपायर्ड' लिहिलेलं मी पाहिलंय. वाचणाऱ्याला वाटेल पैसे बुडाले.

'टर्मिनेट'ने तर एका मुलाचं चांगलंच नुकसान होणार होतं. सत्तरी भागातला मुलगा, क्रूझ जहाजावर केबिन स्टुअर्ड. नऊ महिन्यांचं काँट्रॅक्ट पुरं करून घरी आला आणि दुसऱ्या कंपनीत अर्ज करताना त्याने लिहिलं, 'माय काँट्रॅक्ट वॉज टर्मिनेटेड इन मार्च'. त्याला वाटलं टर्मिनेट हा 'एंड'चा भारदस्त भाऊ. नोकरीच्या कागदात त्याचा अर्थ होतो, काढून टाकलं. नऊ महिन्यांत एकही तक्रार नसलेला मुलगा स्वतःच्या हाताने लिहून देत होता की मला हाकललं. अर्ज पाठवण्याआधी दाखवायला आला म्हणून बरं. आम्ही लिहिलं, 'आय कंप्लीटेड माय काँट्रॅक्ट अँड साइन्ड ऑफ इन मार्च'. जहाजावर चढताना 'साइन ऑन', उतरताना 'साइन ऑफ' हे तारवट्यांचे रोजचे शब्द. ते त्याला तोंडपाठ होते, फक्त अर्जात लिहिण्याइतके ते इंग्रजी वाटले नव्हते. तुम्हीही लक्षात ठेवा, धंद्यातला रोजचा शब्द असेल तर तोच लिहा. भारदस्त शब्दाच्या मागे लागून अर्थ हातचा जातो.

हे शब्द सुटे लक्षात राहत नसतील तर आपल्या खाणींचा इतिहास घ्या. वर्गात मी तोच घेत असे, कारण डिचोली, सांगेकडच्या मुलांच्या घरातली ती गोष्ट. पोर्तुगीजांनी दिलेल्या खाण सवलती १९८७ साली संसदेने कायदा करून 'अबॉलिश' केल्या आणि त्यांचे खाणपट्टे झाले. त्या पट्ट्यांची नूतनीकरणाची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी 'एक्सपायर' झाली, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात सांगितलं. त्या निकालाआधी, सप्टेंबर २०१२ मध्ये, राज्य सरकारने खाणकाम 'सस्पेंड' केलं होतं, म्हणजे तूर्त स्थगित. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ पट्ट्यांचं दुसरं नूतनीकरण 'क्वॅश' केलं, म्हणजे रद्दबातल ठरवलं, आणि १६ मार्चपासून खाणकाम 'स्टॉप' झालं. या सगळ्याला घरात आपण 'खाणी बंद पडल्या' एवढंच म्हणतो. कागदावर मात्र हे पाच वेगळे शेवट आहेत. कुणी केला, कशाचा केला, पुन्हा सुरू होण्याची वाट ठेवली की नाही, हे प्रत्येक शब्दात वेगळं आहे. ज्याचा खनिज वाहणारा ट्रक कामाविना दारात उभा राहिला त्याला 'सस्पेंड' आणि 'क्वॅश' यांतला फरक नुसत्या भाषेचा नव्हता.

'अबॉलिश' फक्त सत्तेने मोडलेल्या प्रथेला, पद्धतीला, कराला लावा. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीज काळातलं धर्मन्यायालय, १८१२ मध्ये कायमचं 'अबॉलिश' झालं. पोर्तुगीज राजवट १९ डिसेंबर १९६१ रोजी 'एंड' झाली, 'पोर्तुगीज रूल एंडेड'. तिथे 'फिनिश्ड' नको. विधानसभा 'डिझॉल्व्ह' होते, मराठीत विसर्जित. पण चवथीच्या गणपतीचं विसर्जन म्हणजे 'इमर्शन'. दीड दिवसाच्या गणपतीबद्दल पाहुण्यांना माहिती लिहाल तेव्हा 'द आयडॉल इज इमर्स्ड आफ्टर अ डे अँड अ हाफ' असं लिहा. तिथे संपण्याचा कुठलाच शब्द आणू नका. आपणही गणपती 'संपला' म्हणत नाही, पुढच्या वर्षी लवकर ये म्हणतो.

मराठीतली एक सोय इंग्रजीत आहे की नाही, असं मुलं विचारतात: विझला आणि विझवला, थांबला आणि थांबवला. काही ठिकाणी आहे. दिवा आपोआप विझला तर 'वेंट आउट', कुणी विझवला तर 'पुट आउट'. स्टॉप, एंड, क्लोज यांना मात्र दोन्ही अर्थी एकच रूप चालतं. औषधाचा, भुलीचा असर उतरला तर 'वोअर ऑफ', पूर ओसरला तर 'सब्साइडेड', विहीर आटली तर 'ड्राइड अप', एखादी कला करणारं कुणी उरलं नाही तर 'डाइड आउट'. हे वाचता वाचता येतील, पाठ करत बसू नका.

यात बरंच काही वाचणारा कोण यावर अवलंबून आहे, हेही मान्य करते. 'क्लास गॉट ओव्हर' मैत्रिणीला पाठवलंत तर माझी काही हरकत नाही. भारतातलं इंग्रजी ही आता आपली स्वतःची भाषा आहे आणि तिची लाज बाळगायचं कारण नाही. 'द मिल्क इज फिनिश्ड' हे घरगुती बोलण्यात इंग्रजांच्या घरीही ऐकू येतं. कराराच्या कागदात 'टर्मिनेट' योग्यच असतं, कारण तिथे कुणीतरी करार मोडण्याचीच गोष्ट असते. तुमचा मॅनेजर कडक आहे तो पाहुणे परदेशी आहेत म्हणून. तुमच्या जागी मीही मेलसाठी हा काटेकोरपणा ठेवला असता आणि बोलताना सोडून दिला असता.

आता आजोबांच्या अर्जाबद्दल. हा भाग मी मुद्दाम मागे ठेवला. 'एक्सपायर' म्हणजे मुळात श्वास बाहेर सोडणं, शेवटचा श्वास. माणसाबद्दल 'ही एक्सपायर्ड' असं इंग्रजीत लिहितात, इस्पितळाच्या कागदांवर आणि आपल्याकडच्या निधनवार्तांत तो शब्द अजून दिसतो. तुमच्या वाक्यात अडचण केली ती 'इज'ने. 'इज एक्सपायर्ड' हे पासपोर्टबद्दल किंवा गोळ्यांच्या पाकिटाबद्दल म्हणतात, म्हणून ते वाचणाऱ्याला विचित्र वाटलं. तरी दुःखाच्या अर्जावर हसू नये, ते त्या माणसाचं चुकलं.

मराठीत आपण गेले, वारले, निवर्तले, देवाज्ञा झाली असं म्हणतो, सरळ 'मेले' म्हणवत नाही. म्हणून इंग्रजीतही काहीतरी गुंडाळलेलं लिहावंसं वाटतं. 'पास्ड अवे' लिहिलंत तर ते सौम्य आहे, सगळीकडे चालतं. पण इंग्रजीत 'डाइड' हा शब्द आपल्या 'मेले'इतका कठोर नाही, त्यात अनादर नाही. पुन्हा कधी असा अर्ज लिहायची वेळ तुमच्यावर लवकर न येवो. आली तर दोन ओळी पुरतात: 'माय ग्रँडफादर डाइड ऑन संडे नाइट. आय नीड लीव्ह अन्टिल द ट्वेल्फ्थ डे राइट्स आर कंप्लीटेड.' बाराव्याचे विधी इथे 'कंप्लीट' होतात, कारण ते पूर्ण करायचे असतात. 'राइट्स' या शब्दाचा अर्थ विचारला तर मॅनेजरला सांगा, ते समजून घेतील.